नवरदेवाचा ताणा

माझी माय घर आवरायला दिवाळीची वाट बघायची नाही. दिवाळीला भिंतींना चुना लावायचा, तेवढंच. बाकीचं घर तिनं वर्षभरातल्या सणांना वाटून दिलं होतं, आणि कोणत्या सणाला कोणता कोपरा निघणार हे आम्हां भावंडांना पाठ होतं. संक्रांत आली की घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या उन्हात. होळीच्या आधी तडकलेले पाट, खाटेचे मोडके पाय, किडलेली मुसळं अंगणात यायची. गल्लीतली पोरं होळीसाठी लाकडं चोरायला निघत, तर माय त्यांना स्वतःच हाक मारून ती लाकडं द्यायची, आणि पोरं बिचारी हिरमुसायची. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पाण्याचे माठ बदलायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी माळा रिकामा करून त्याच्यावरची काजळी झाडायची, मग वर्षाची मिरची, पापड, वड्या डब्यांत भरून पुन्हा वर चढवायच्या. डबा वर गेला की त्याचं तोंड भिंतीकडं की खोलीकडं, हेसुद्धा ठरलेलं. कोण्या घाईच्या वेळी काडीची पेटी लागली तर डोळे मिटून हात घालावा आणि ती हाताला लागावी, असं ते घर होतं.

त्याला कारणही होतं. नागपुरात इतवारीच्या पलीकडं, विणकरांच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीत दोन माग. माग म्हणजे नुसतं लाकडाचं सामान नाही. प्रत्येक मागापुढं जमिनीत एक खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसणार, आणि समोर भिंतीपर्यंत ताणलेले उभे धागे, म्हणजे ताणा. एक माग बाबांचा, एक दादाचा. राहिलेल्या जागेत एक माणूस अंग चोरून चालू शकेल एवढी वाट. कुठं तांब्या राहिला की त्याला पाय लागलाच म्हणून समजा. मायनं काटोलच्या संत्र्यांची रिकामी खोकी बाजारातून आणून भिंतीला ठोकली होती, आणि त्यांत सुताच्या कांड्या, दिवाबत्ती, माझ्या पाट्या-पुस्तकं, सगळं बसवलं होतं. "ज्या वस्तूले जागा नाई, ते वस्तू घरात नाई," असं ती म्हणायची. एखादी वस्तू कुठं ठेवावी हे कळेना झालं, की ती वस्तूच द्यायची कोणाला तरी.

आणि जे द्यायच्याही लायकीचं नाही ते मारबतीला. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडं दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, मेढे म्हणतात त्यांना. दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, ते मेढे उचलून वस्तीबाहेर नेऊन टाकायचे आणि ओरडायचं, "राई-रोग, खोकला-ढेकूण, घेऊन जा गे मारबत." मारबत म्हणजे साऱ्यांची इडापिडा घेऊन जाणारी बाई; शहरात त्या दिवशी तिच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती बघायला लोक दुरून येतात. मायला मिरवणुकीशी देणंघेणं नव्हतं. ती मेढ्यांबरोबर घरातला शेवटचा कचरा न्यायची. झिजून मुठीएवढा झालेला झाडू, तळ गेलेलं सूप, पाणी टिपेनासं झालेलं फडकं. नाल्याच्या काठावर ते टाकायचं, हाक द्यायची आणि घरी यायचं. येताना मागं वळून बघायचं नाही, हा तिचा कडक नियम. मी एकदा वळले तर डोक्यात टप्पल बसली होती. "पाह्यलं की ते परत येते मागं मागं," ती म्हणाली. मग आंघोळ, आणि दुपारी पोळ्याच्या करीचं मटण. माय रस्सा असा तिखट करायची की गल्लीच्या तोंडाशी नाकाला पाणी सुटावं.

आता आमची सूनबाई मोबाइलवर घर आवरायचे व्हिडिओ बघते. त्यातली बाई सांगते, वर्षभरात हात न लावलेली वस्तू काढून टाका. परवा सूनबाईनं मला ते कौतुकानं दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. माझ्या मायनं हे आयुष्यभर केलं, फक्त एकाच वस्तूपाशी तिचं गाडं अडलं, आणि ते कसं अडलं हे त्या व्हिडिओतल्या बाईला सांगून समजलं नसतं.

दादाचं नाव गुलाब. माझ्याहून बराच मोठा, मला खांद्यावर घेऊन पोळ्याचे बैल दाखवणारा. तो कापड फार घट्ट विणायचा. आडवा धागा गेला की फणी ओढून जो ठोका द्यायचा, तो त्याचा असा बसायचा की आवाजावरून कळे, हा गुलाबचा माग. बाबांचा ठोका सैल, लयीचा, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारखा. दिवसभर हे दोन आवाज घरात चालत, आणि त्यांच्या वरून बापलेकांचे टोमणे.

"तुमच्या लुगड्यातून तं पीठ चाळता येते, बाबा," दादा म्हणायचा.

"आन् तुह्या लुगड्यात वारा नाई शिरत गा. नेसणारी बाई उन्हाळ्यात उबून जाईन."

माय आतून म्हणायची, "दोघंबी गप इना. माह्या फोडणीत तुमचे धागे उडून राहिले."

दादाचं लग्न उमरेडच्या एका विणकराच्या मुलीशी ठरलं. यमुना तिचं नाव. मी तिला एकदाच पाहिलं, सुपारी फुटली त्या दिवशी. हसताना ती ओठांवर पदर धरायची. आमच्या घराण्यात एक रीत होती. नवरीचं लग्नाचं लुगडं नवरदेवानं स्वतः विणायचं. विकायच्या कापडासारखं नाही, खास. आणि एकदा तो ताणा मागावर चढला की लुगडं कापून खाली उतरेपर्यंत त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. तुटलेला धागासुद्धा नवरदेवानंच सांधायचा. दुसऱ्याचा हात लागला तर संसारात दुसऱ्याचा हात शिरतो, असं बायका म्हणत. कांड्या भरून द्यायला तेवढी मोकळीक होती, आणि त्या मी भरल्या. हिरवा रंग, लाल काठ. दादानं पदर आधी विणला, पदरात बारीक रुईफुलं काढली, आणि मग साधं अंग विणायला घेतलं. गल्लीतल्या सारजामावशी येता-जाता दारातून विचारायच्या, "कुठंवर आलं गा नवरीचं लुगडं?" दादा म्हणायचा, "गुडघ्यावर आलं, मावशी." दुसऱ्या आठवड्यात म्हणायचा, "कंबरेवर आलं." मावशी पदरानं तोंड झाकून हसत पळायच्या.

लुगडं निम्म्याच्या थोडं पुढं गेलं आणि दादाला ताप आला. मुदतीचा ताप. आधी आम्ही काढे केले, मग दवाखाना केला. श्रावणात तो गेला. मी त्याबद्दल जास्त लिहू शकत नाही, इतकी वर्षं झाली तरी. एवढंच सांगते की त्याला घरी आणलं तेव्हा ठेवायला पुढच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून दोन मागांच्या मधल्या त्या वाटेवर ठेवलं, आणि बाबा आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्याच्या उशाशी बसून राहिले. दुसरं बसायला कुठं नव्हतंच.

त्या वर्षी पोळ्याला आमच्या दाराशी मेढे ठेवले नाहीत, आणि माय नाल्याकडं गेली नाही.

बाबा काही दिवसांनी मागावर बसले. पोटासाठी बसावंच लागतं. पण घरात आता एकच आवाज होता आणि तो फार मोठा वाटायचा. शेजारी दादाचा माग तसाच, ताणा ताणलेला, आडवा धागा नेणारा धोटा अर्ध्या वाटेत ठेवलेला, विणलेलं कापड पुढच्या दांड्यावर गुंडाळलेलं. बाबा एकदा कात्री घेऊन उठले. "कापू दे, वं," ते मायला म्हणाले. "डोयासमोर नाई पाहवत."

"हात लावू नका," माय म्हणाली. "नवरदेवाचा ताणा हाये."

"नवरदेव कुठं हाये आता?"

माय उठून दोन मागांच्या मधे उभी राहिली. बाबांनी कात्री परत खोक्यात ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात उमरेडहून यमुनेचे वडील एसटीनं आले. दाराशी चपला काढून बसले. पाणी प्याले. मागाकडं त्यांची नजर जाई आणि लगेच परत येई. शेवटी म्हणाले, "बाई, पोरीचं कराव लागते आता." माय म्हणाली, "करा नं. ते पोरगी काय मागावर अटकवून ठेवाची हाये का? चांगलं घर पाहून करा." त्यांना तिनं जेवायला घातलं, अंबाडीची भाजी, भाकर, वरून कच्चं तेल. ते गेल्यावर त्यांचं ताट घासायला ती मागं गेली आणि तिथंच बसली. ताट तिनं किती वेळ घासलं कोण जाणे. मी आतून राखेचा आवाज ऐकत होते.

तेव्हापासून घर सुटत गेलं. आधी दादाच्या मागावर एक घडी केलेली गोधडी आली. मग बाबांचा सदरा. मग रिकामे डबे, फुटका कंदील, माझी मागच्या इयत्तेची पुस्तकं, कोणाकडून आलेली आणि परत न गेलेली परात. ताण्यावर चादर टाकली होती, तिच्यावर हे चढत गेलं. संक्रांत आली आणि गेली, गोधड्या दोरीवर गेल्या नाहीत. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. मिरचीत जाळी धरली. होळीच्या आधी पोरं दारात येऊन उभी राहिली, नेहमीची सवय त्यांना. माय त्यांच्याकडं बघत राहिली आणि ती पोरं निघून गेली. मी माझ्या परीनं आवरायला बघायचे. पण मी एखादी वस्तू उचलली की माय विचारी, "कुठं नेऊन राहिली?" आणि मला सांगता येत नसे. कारण घरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा तिला ठाऊक होत्या, आणि ती आता सांगत नव्हती. एका सकाळी काडीची पेटी सापडेना. बाबा, मी, माय, तिघंही शोधत होतो. ती सापडली मागावरच्या पसाऱ्यात. बाबांनी ती उचलली, मायकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. पेटी शोधावी लागली म्हणून माणूस रडेल हे बाहेरच्याला पटायचं नाही.

अशी काही वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले आणि माझं लग्न ठरलं. मुलगा शाळेत मास्तर, नागपुरातलाच. लग्न दारातच व्हायचं होतं, हळदीला पाहुण्या बायका पुढच्या खोलीत बसणार, म्हणजे निदान एक खड्डा बुजवून जमीन सारवावी लागणार होती. बाबा म्हणाले, "माहा बुजवतो. तसंबी आता यंत्रमागापुढं ह्याले कोण इचारते." माय म्हणाली, "तुमचा बुजवला तं खाऊ काय?" दुसऱ्या खड्ड्याचं नाव कोणी काढलं नाही.

पोळा तोंडावर आला होता. एका दुपारी बाबा सूत आणायला इतवारीत गेले होते. मी मागच्या खोलीत धान्य निवडत होते. पुढं मायचा आवाज आला, ओरडल्यासारखा नव्हे, दम लागल्यासारखा. गेले तर ती दादाच्या मागाच्या खड्ड्यात वाकली होती. खड्ड्यात उंदरानं घर केलं होतं. कापसाचं, चिंध्यांचं, आणि मधे हिरवे धागे. ताण्याच्या कडेचे धागे कुरतडून खाली नेले होते. त्यात पिल्लं होती, उघडी, गुलाबी.

मायनं घरट्यातला एक हिरवा धागा बोटांत धरून पाहिला. मग तिनं ते तसंच उचलून अंगणातल्या भिंतीच्या फटीत नेऊन ठेवलं, पिल्लांसकट. हात धुतले. आत आली आणि मागावरची एक एक वस्तू उचलायला लागली. "परात सारजाच्या घरची हाये, देऊन ये. कंदील मारबतीले. पुस्तकं त्या वरच्या गल्लीतल्या पोरीले, ते सातवीत गेली." तिचा आवाज जुना होता. मी परात देऊन धावत परत आले, मला भीती वाटत होती की तोवर तो आवाज जाईल. सगळ्यात शेवटी तिनं चादर ओढली. ताणा पावसाळ्यांनी बुरसला होता, खळ उडाली होती, पण बराचसा शाबूत होता. तिनं पदर कमरेला खोचला, आणि दादाच्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली.

आमच्याकडं बायका मागावर बसत नसत. सूत उकलणं, कांड्या भरणं, ताण्याला खळ लावणं बायकांचं. मागावर बसणं पुरुषांचं. पण ती विणकराची मुलगी आणि विणकराची बायको होती, जन्मभर बघत आलेली. तिनं आधी तुटलेले धागे सांधले. मला म्हणाली, "कांड्या भर." मी चरख्याशी बसले. तिनं धोटा फेकला, तो अडकला. पुन्हा फेकला. मग फणी ओढली, आणि इतक्या वर्षांनी त्या मागाचा आवाज घरात झाला.

गल्लीतले माग एकेक थांबले. सारजामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याला हात लावला आणि परत गेल्या.

बाबांनी तो आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकला. हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. म्हणाले, दोन पावलं मी पळालो, कुसुम. मग आठवलं. सुताचं गाठोडं खांद्यावर घेऊनच ते दारात आले, घामानं निथळत, आणि मागावर मायला बघून तिथंच खाली बसले.

"हे काय करून राहिली तू?" ते म्हणाले. "त्या ताण्याले दुसऱ्याचा हात नाई लागत."

माय थांबली नाही. "दुसऱ्याचा कुठं लागून राहिला," ती म्हणाली. "त्याचे हात माह्याच पोटात झाले होते."

बाबा उठले, गाठोडं खाली ठेवलं, आणि तिच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत धरले होते, चुकून पुढं जाऊ नयेत म्हणून. मायला त्यांनी पोळ्यापर्यंत असंच शिकवलं. "ठोका जरा घट दे. काठाकडून ढिलं सुटून राहिलं. त्या धाग्याले वळसा दे, हां, तसा." धागा तुटला की त्यांची बोटं पाठीमागं वळवळायची, पण पुढं आली नाहीत. माय सकाळी भाकरी करून मागावर बसायची ती दिवेलागणीला उठायची. खड्ड्यातून उठताना तिला माझा हात धरावा लागे. ती रडायची विणताना, मोकळी रडायची, आणि बाबा तिला रडू देत आणि म्हणत, "धाग्यावर नको पाडू, खळ निघते."

लुगडं पुरं झालं. बाबांनी कात्री तिच्या हातात दिली आणि तिनंच ते कापलं. अंगणात दोघांनी दोन टोकांना धरून ते पसरलं तेव्हा जिथं हात बदलला होता ती रेघ मला लांबून दिसली. अलीकडं दादाचं, घट्ट, पाणी न गळणारं. पलीकडं मायचं, विरविरीत, कुठं दाट कुठं पातळ. हात फिरवला की बोटाला कळायचं, हा इथं थांबला आणि ही इथून पुढं गेली.

"आता ह्याचं काय करावं?" बाबा म्हणाले. विकता येणारं ते कापड नव्हतं, आणि कोणत्या नवरीला द्यावं तर गेलेल्या नवरदेवाचं.

"भावाच्या हातचं हाये," माय म्हणाली. "बहिणीले भाऊबीजेचं लागतेच. कुसुमचं हाये हे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पेटीत नको ठेवू, वं. कपूर-बिपूर घालून जपून नको ठेवू. नेस. फाटेपर्यंत नेस. फाटलं की लेकराले गोधडी कर. गोधडी फाटली की पुसायले घे. त्याच्या हातची वस्तू मले पडून राहिलेली नाई पाह्यजे."

त्या पोळ्याला आमच्या दाराशी पुन्हा मेढे लागले. दुसऱ्या दिवशी माय नाल्यावर फुटका कंदील, कुजलेली सूप-टोपली, जाळी धरलेली मिरची टाकून आली, आणि वाटेत एकदाही वळली नाही. त्याच आठवड्यात बाबांनी दादाचा माग सोडवला. लाकडं एका नातेवाइकाला दिली, त्याला आपल्या पोराला विणकाम शिकवायचं होतं. खड्ड्यात मुरूम भरला, मायनं वरून शेणानं सारवलं, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर माझ्या हळदीचा पाट तिथंच मांडला. मला हळद लागली ती दादाच्या खड्ड्यावर बसून. दुसऱ्या दिवशी लग्नात ते लुगडं नेसले. रेघ निऱ्यांत गेली होती, कोणाला दिसत नव्हती, पण चालताना माझ्या गुडघ्याला लागायची.

मी मायचं ऐकलं. ते लुगडं मी नेसले, धुतलं, पुन्हा नेसले. बाबा म्हणाले होते तसा दादाच्या भागात खरंच वारा शिरत नसे, उन्हाळ्यात पाय उबून जायचे, आणि मला बाबांचा टोमणा आठवून हसू यायचं आणि मग हसू राहायचं नाही. मायचा भाग आधी विरला. तो फाडून मी मोठ्या मुलाची दुपटी केली. पदराची गोधडी झाली, तिच्यावर माझी दोन्ही मुलं निजली. ती गोधडीही विरली आणि उकलली. राहता राहता मधला तुकडा राहिला, रेघेच्या दोन्ही बाजूंचा, तो मी ओटा पुसायला घेतला. मुद्दाम तोच मागं ठेवला होता, हे मी कोणाला बोलले नाही.

तोवर बाबा गेले होते. आम्ही शहराबाहेर हुडकेश्वरकडं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. आजूबाजूला तेव्हा सगळी शेतंच. माय आमच्याकडं राहायला आली, आणि पहिल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची तोंडं तिनं भिंतीकडून खोलीकडं फिरवली. डोळ्यांनी तिला नीट दिसत नव्हतं, पण हात डब्यावर बरोबर जायचा.

अशाच एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताना, ती मेढे घेऊन दारात उभी होती. कचऱ्याची टोपली मी भरली होती. तिनं टोपलीत हात फिरवला आणि विचारलं, "ओट्याचं फडकं कुठं हाये?"

"ते राहू दे, माय," मी म्हटलं.

"काहून? पाणी टिपते का ते आता?"

"नाई टिपत."

"मंग?"

मी आत जाऊन ते आणलं. तळहाताएवढं उरलं होतं. रंग हिरवा की करडा सांगता आला नसता. मायनं ते हातात घेतलं, अंगठा त्याच्यावरून फिरवला, एकदा असा आणि एकदा तसा, आणि अंगठा रेघेवर थांबला. तिला कळलं. मला वाटलं आता ती ते कमरेला खोचेल, आणि मला तसं हवं होतं. तिनं वाकून त्या फडक्यानं उंबरा पुसला, नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ते घडी करून टोपलीत मेढ्यांवर ठेवलं.

आम्ही दोघी शेताच्या बांधावरून नाल्याकडं गेलो. लोक येऊन टाकून जात होते, पोरं ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत." मी टोपली उपडी केली. मायनं हाक दिली नाही. आम्ही परत फिरलो. तिचा हात माझ्या हातात होता. थोडं चालून आल्यावर तो हात थांबला, आणि जन्मात कधी न वळलेली माझी माय मागं वळली.

नाल्याकडं तोंड करून ती हळूच म्हणाली, "सांभाळून ने वं, बाई."